चौदाव्या मजल्यावरचा फोटो

आधीच सांगून टाकते, माझं शुद्धलेखन चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे हातात पेन्सिलीपेक्षा लाटणंच जास्त राहिलं. अक्षर पोळीसारखं गोल काढायला जाते आणि ते भाकरीसारखं थापलं जातं. कुठे वेलांटी उलटी पडली असेल, कुठे ओळ उतरत उतरत पानाच्या कडेला गेली असेल, तर वाचणाऱ्याने रागावू नये. तसं वाचणारं कुणी नाहीच. माझी मामेबहीण रिया म्हणते, “सुमीताई, जस्ट राइट इट. मी टाइप करून देईन.” पण तिलाही दाखवायचं की नाही, ते माझं अजून ठरलेलं नाही. काही गोष्टी बोलायला मला कधीच जमल्या नाहीत, म्हणून लिहून बघते आहे, एवढंच.

मी विशीतही आले नव्हते तेव्हा मामांनी मला शारजाला नेलं. मामामामींचा तिथे डब्यांचा धंदा होता. पोळी, भाजी, वरण, भात, आणि शनिवारी जास्तीचं काहीतरी गोड. दुबईत नोकरी करणारी आपली एकटी माणसं ते डबे घ्यायची. पहाटेची अजान झाली की मामी शेगडी पेटवायच्या, आणि मी परातीसमोर बसायची. बाहेर अंधार, आत तव्याचा धूर, पंख्याची खरखर, आणि मामींची जीभ. “सुमे, कणीक तिंबतेस का तिला गोंजारतेस?” मी काही बोलत नसे. मी कुणापुढेच बोलत नसे. घरात आरती व्हायची तेव्हासुद्धा मी नुसते ओठ हलवायची. रिया तेव्हा लहान होती. ती माझ्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, “मम्मी, सुमीताई इज चीटिंग!”

तिकिटासाठी आणि बाकीच्या खर्चासाठी आईने तिच्या पाटल्या साताऱ्याच्या सोनाराकडे ठेवल्या होत्या. माझ्या आजोळची तेवढीच वस्तू तिच्याकडे होती. निघताना तिने मला मनगट दाखवलं. पाटल्यांच्या जागी कातडी पांढरी पडली होती. “लवकर सोडव गं,” एवढंच म्हणाली. मामा मला जेवूखाऊ घालत, पण पगार देण्याइतका त्यांचा धंदा मोठा नव्हता. म्हणून डबा घेणाऱ्या एका इंजिनियरने जेव्हा विचारलं, की आमच्या स्पॅनिश साहेबांची म्हातारी आई आहे, तिला दिवसभर सोबत हवी, तेव्हा मामांनी लगेच हो म्हटलं. महिन्याला आठशे दिरहम. मामांनी गाडी चालवता चालवताच मोठ्याने हिशोब केला, “म्हणजे आपले दहा हजार! तुझ्या आईच्या पाटल्या वर्षात सुटतात बघ.”

सकाळी डब्यांच्या गाडीतून मामा मला दुबईत सोडत. शारजाहून निघालेल्या गाड्यांची ती रांग, कधी कधी अशी अडकायची की मागच्या डब्यांतल्या भाजीचा वास आमच्या कपड्यांत मुरायचा. मामा हॉर्न वाजवत नसत. ते म्हणायचे, “ही नदी आहे. हिला हॉर्न कळत नाही.”

साहेबांचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. साहेबांचं नाव मिगेल. इमारती बांधायच्या कामावर मोठ्या हुद्द्यावर होते, आणि साइटवरच्या कामगारांकडून शिकलेलं हिंदी बोलायचे. त्यांच्या आईचं नाव लांबलचक होतं, ते मला कधी नीट आलं नाही. मी त्यांना आजी म्हणायची. त्यांना ते आवडलं, कारण दुसऱ्याच दिवशी मी “बाई” म्हटलं तर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच म्हणाल्या, “आकी.” ज त्यांना यायचा नाही. आजींची नजर जवळजवळ गेली होती. खिडकीपाशी वेताची खुर्ची होती, तिच्यात त्या बसायच्या. समोर सगळीकडे क्रेन. रात्रंदिवस खांब ठोकल्याचा दणदण आवाज. तो आवाज त्या बोटांनी खुर्चीच्या हातावर वाजवत राहायच्या.

आमच्या दोघींत भाषा नव्हती. त्यांना चार शब्द इंग्रजीचे येत, मलाही चारच, आणि तेही एकमेकींशी जुळत नसत. मी त्यांच्यासाठी बटाट्याचं जाड ऑम्लेट करायला शिकले. पालक घालून हरभरे शिजवायला शिकले, ते तर आपल्यासारखेच, फक्त फोडणीला मोहरी नाही आणि तेल हिरवं. एकदा मी गुपचूप मोहरी टाकली. आजींनी दाताखाली ती फोडली, थोडा वेळ तोंड हलवायचं थांबवलं, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

दुपारी जेवण झालं की आजी कविता म्हणायच्या. कविता आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटलं, त्यांच्यात दुपारचं स्तोत्र म्हणत असतील. म्हणून मी पदर, म्हणजे ओढणी, डोक्यावरून घेऊन हात जोडून बसायची. रोज तेच, त्याच चालीत. त्यांचा र जिभेवर भोवऱ्यासारखा फिरायचा. लहानपणी मंगलाष्टकं आणि मंत्रपुष्पांजली आपल्याला जशी अर्थ न कळता येते, तशी ती मला यायला लागली. एके दिवशी मी ओट्यापाशी होते, हाताला पीठ होतं, आणि आजी मध्येच अडल्या. पुढची ओळ त्यांना सापडेना. तीच ओळ पुन्हा म्हणून बघितली, तिसऱ्यांदा आवाज कापला. माझ्या तोंडून पुढची ओळ निघून गेली. मलाच दचकायला झालं. आजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि दोन्ही हात पुढे केले. मी तशीच पिठाच्या हातांनी गेले.

त्या दिवसापासून ते माझं कामच झालं. त्या एक ओळ म्हणायच्या, मी पुढची म्हणायची. माझा आवाज त्या घरात मोकळा झाला. बघणारं कुणी नव्हतं, आणि समजणारं जे होतं त्याला माझं चुकलं तरी हसू येत नव्हतं, आनंदच व्हायचा.

मिगेल साहेबांनी एकदा आम्हाला ऐकलं. दारात बूट काढता काढता ते थांबले. मग मला हिंदीत अर्थ सांगायला लागले. “देखो सूमी, पहला लाइन बहुत पुराना. गाँव का औरत लोग का गाना. लड़की समुंदर के पास नमक उठाता है.” मग म्हणाले, “अब दूसरा लाइन एकदम नया. वो लड़की समुंदर को धोता है, और टेलीफोन का तार पे सुखाता है.” आणि हसले. मीही हसले. धुतलेला समुद्र टेलिफोनच्या तारेवर वाळत घातलाय, हे मला लगेच दिसलं. आमच्या गच्चीवर मामींची निळी साडी वाळत असते तसा.

मला आईची आठवण झाली. लग्नघरी बायका हळद दळायला बसल्या की आईला गाणी म्हणायला बोलावत. जुन्या ओव्यांच्या मध्येच ती आपली एखादी घालायची. त्यात यष्टी यायची, विजेचा दिवा यायचा, रेडिओ यायचा. बायका म्हणायच्या, “अगं, हे कुठं होतं ओवीत?” आई म्हणायची, “नव्हतं, म्हणूनच घातलं.” त्या दुपारी साहेब परत गेल्यावर मी आजींना एक ओवी म्हणून दाखवली. आयुष्यात स्वतः केलेली पहिली.

चौदावा गं मजला, लिफ्ट नेते उचलून
समुद्राच्या पल्याड, आई बघते वळून

आजींना एकही शब्द कळला नाही. पण चाल त्यांनी बोटांनी धरली, आणि दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा “आई” या शब्दाला त्यांनी माझा हात दाबला.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक जुना फोटो होता. छापखान्याच्या पायरीवर बसलेले तरुण पुरुष, कोट, टाय, केस चापून बसवलेले, काही हसणारे. कडेला एक जण कोटाऐवजी लांब ॲप्रन घालून उभा, हात काळे. आजींना दिसत नव्हतं तरी रोज सकाळी त्या फोटोची काच रुमालाने पुसायच्या. आपल्या घरात भिंतीवर असा फोटो आणि त्यावर एवढी माया म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. फक्त या लोकांनी फोटोला हार कसा घातला नाही, याचं मला वाईट वाटायचं. वाटायचं, इथे कुणी घालणारं उरलं नसेल.

सर्वपित्री आली. मामींनी पहाटेपासून स्वयंपाक केला, खीर, वडे, भाजी. आदल्या दिवशी मामांनी बर दुबई भागातल्या देवळाजवळच्या गल्लीतून फुलं आणली होती. मी मामींना विचारून एक लहान हार घेतला आणि थोडं अन्न डब्यात भरलं. मामी म्हणाल्या, “कुणासाठी गं?” मी म्हटलं, “आजींच्या माणसांसाठी.” मामी म्हणाल्या, “आता परक्यांचे पितरसुद्धा आपणच जेवू घालायचे!” पण वर एक वडा त्यांनीच ठेवला.

आजी अंघोळीला गेल्या होत्या. मी फोटोला हार घातला, खाली उदबत्ती लावली, आणि गॅलरीत पान वाढून ठेवलं. कावळा काही आला नाही, एक साळुंकी आली आणि वडा उचलून गेली. मी तेवढ्यावर समाधान मानलं. आजी बाहेर आल्या, रुमाल घेऊन नेहमीसारख्या फोटोपाशी गेल्या, आणि त्यांचा हात फुलांवर पडला.

त्यांनी फुलं चाचपली. वरून खाली, पुन्हा वर. मग पलंगावर बसल्या. त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरून साहेबांना फोन लावला. ते आले, फोटो बघितला, आणि डोक्याला हात लावला. “तुम क्या किया, सूमी? तुम क्या किया?” मी रडत सांगितलं, आमच्यात गेलेल्या माणसाला हार घालतात, आज त्यांचा दिवस आहे. साहेब खाली बसले. मग हळूहळू सांगू लागले. ॲप्रनवाला माणूस आजींचे वडील. बाकीच्यांच्या कविता ते छापायचे, एकेक अक्षर हाताने जुळवून. मग त्यांच्या देशात आपसातच लढाई झाली. एके संध्याकाळी ते घरातून गेले आणि परत आलेच नाहीत. कुठे गेले, कुणी नेलं, माती कुठे झाली, काही नाही. आजींची आई मरेपर्यंत त्यांचं ताट मांडायची. ते मेले असं त्या घरात कुणीही, कधीही म्हटलं नव्हतं. “सत्तर साल,” साहेब म्हणाले, “सत्तर साल में कोई नहीं बोला. तुम फूल डाल दिया.”

मी हार काढायला उठले. आजी काहीतरी जोरात बोलल्या. साहेब म्हणाले, “रहने दो.”

पुढे कित्येक दिवस आजी कविता म्हणाल्या नाहीत. जेवायच्या, खिडकीपाशी बसायच्या, माझ्याशी एक शब्द नाही. मला वाटलं, आता काढून टाकतील. आईचं पांढरं पडलेलं मनगट सारखं डोळ्यांपुढे यायचं. मामींना मी काही सांगितलं नाही. मग एका सकाळी आजींनी फोटोवरची वाळलेली फुलं हातात कुस्करली, वास घेतला, आणि ती मूठ माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “सूमी. न्यू.” नवीन आण. त्या दुपारी त्या खूप रडल्या, लहान मुलीसारख्या, आवाज करून. रडून झाल्यावर त्यांनी कविता म्हटली, आणि एकदाही अडल्या नाहीत. तेव्हापासून दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी देवळाच्या गल्लीतून हार घ्यायची आणि शनिवारी फोटोला घालायची.

रियाने कॉलेजात गेल्यावर या लोकांबद्दल शोधून मला सांगितलं. म्हणाली, ताई, ते तरुण कवी होते, त्यांना अगदी नवं लिहायचं होतं पण जुनं टाकायचं नव्हतं. तीनशे वर्षांपूर्वीचा एक कवी लोक विसरले होते, तर यांनी एकत्र जमून त्याची आठवण साजरी केली, चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा म्हणवून घेतली. मी म्हटलं, म्हणजे श्राद्धच की. रिया म्हणाली, “सॉर्ट ऑफ.” मला बरं वाटलं. माझा हार अगदीच चुकीच्या दारी गेला नव्हता.

त्या सर्वपित्रीनंतरच्या थंडीत एका सकाळी आजी खुर्चीत बसल्या, बोटं उचलली, आणि तशीच ठेवली. “नो,” म्हणाल्या. मी बाहेर बघितलं. क्रेन सगळ्या उभ्या होत्या, पण एकही हलत नव्हती. खांब ठोकायचा आवाज बंद झाला होता. आंधळ्या बाईला ते माझ्या आधी कळलं.

मग सगळीकडे मंदी, मंदी, हेच ऐकू यायला लागलं. अमक्याची नोकरी गेली, तमका रातोरात गेला, विमानतळावर गाड्या किल्ल्यांसकट सोडून लोक गेले. मामांचे डबे निम्मे झाले. मामी पहाटे कणीक मोजून घ्यायला लागल्या. मिगेल साहेब घरी बसून फोन करत राहायचे. पहिल्या महिन्याला ते म्हणाले, पगार पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला. पुढच्या महिन्यातही तेच. नंतर ते माझ्याकडे बघायचे टाळू लागले.

मामी एकदा परात आपटून म्हणाल्या, “अहो, सांगा तुमच्या भाचीला. फुकट जाते रोज, वर हाराला पैसे आपले! पाठांतराने पोट भरतं का?” मामा म्हणाले, “सुमन, मामी बोलते ते खोटं नाही. सोडतेस का? बघ बाई.” मी म्हटलं, “त्या अडल्या तर पुढची ओळ कोण सांगेल?” माझ्या तोंडून एवढं लांब वाक्य दोघांनी कधी ऐकलं नव्हतं. मग मामी म्हणाल्या, “आणि आईच्या पाटल्या कोण सोडवेल?” पण मी जात राहिले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. सामान बहुतेक विकलं होतं. वेताची खुर्ची वॉचमनने नेली. फोटो आजींच्या मांडीवर, शालीत गुंडाळलेला. साहेबांनी किती महिन्यांचे पैसे राहिलेत ते मला बोटांवर मोजून दाखवलं आणि म्हणाले, “मैं देगा. पूरा देगा.” आजींनी माझा चेहरा हातांनी चाचपला, फुलं चाचपली होती तसा, वरून खाली, पुन्हा वर. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत त्या माझ्या दिशेला तोंड करून उभ्या होत्या, फक्त थोड्या चुकीच्या बाजूला. गाडीत बसल्यावर मामांनी विचारलं, “पत्ता घेतलास?” मी घेतला नव्हता. मामी घरी म्हणाल्या, “झालं. खलास.”

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पोळ्या, पोळ्या आणि पोळ्या. दुपारी हात रिकामे झाले की ओळी आठवायच्या, आणि म्हणायला कुणी नसायचं. पगार बुडाला याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. आईला फोनवर काय सांगावं ते सुचत नसे, आणि ती पाटल्यांचं नाव काढत नसे, ते अधिक लागायचं. पण आपल्याला कुणी फसवलं यापेक्षा आपल्याला कुणी विसरलं, याची भीती मला जास्त होती.

एका शुक्रवारी दुपारी मामांच्या मोबाइलवर लांबचा नंबर आला. रियाने उचलला, ऐकलं, आणि फोन माझ्या हातात कोंबला. “सुमीताई, समबडी इज सिंगिंग.” पलीकडून आजींचा आवाज. एकच ओळ, मिठाची. मग थांबल्या. मी स्वयंपाकघरात उभी, समोर मामी, मामा, रिया, सगळे बघताहेत. मी पुढची ओळ म्हटली. धुतलेला समुद्र, तार. भर घरात, मोठ्याने. मामींच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

त्या आठवड्यात मामांच्या खात्यात थोडे पैसे आले. फार नाहीत. साहेबांना तिकडेही काम मिळत नव्हतं, तिथेही तेच चाललं होतं. मग कधी दोन महिन्यांनी, कधी चारने, थोडे थोडे येत राहिले. पैसे आले की त्या शुक्रवारी आजींचा फोन यायचा, म्हणून मी शुक्रवारी दुपारी मामांचा मोबाइल चार्जिंगला लावून ठेवायची. मामा पैशांचे रुपये करून सांगायचे, आणि मी ओळी म्हणायची. पुढे आजी जास्त जास्त अडायला लागल्या. आधी एक ओळ त्यांची, एक माझी. मग पहिली त्यांची आणि बाकी माझ्या. शेवटी शेवटी त्या नुसता श्वास घ्यायच्या, मी सगळी कविता म्हणायची, आणि पलीकडे खुर्चीच्या हातावर बोटं वाजल्यासारखा आवाज यायचा. एकदा मी माझी ओवी म्हटली. “आई” या शब्दापाशी बोटं थांबली.

मग एका शुक्रवारी फोन आला तो साहेबांचा. एवढ्या वर्षांत त्यांचं हिंदी आणखी मोडलं होतं. म्हणाले, “सूमी, फूल कौन सा? वो पीला वाला?” मला कळेना. मी म्हटलं, “हां, गेंदा. पीला वाला.” ते म्हणाले, “इधर वो नहीं मिला. दूसरा डाला. फोटो को माला डाला.” मला वाटलं, छापखान्याच्या फोटोला, आजींनी सांगितलं असेल. म्हटलं, “अच्छा किया. आजी को फोन दो.”

मग म्हणाले, “माँ का फोटो को डाला.”

मी भिंतीला टेकले. मामींनी माझ्या तोंडाकडे बघून गॅस बंद केला. साहेब म्हणाले, आजींचं घड्याळ आणि पियानो विकला, बाकीचे सगळे पैसे आजच पाठवले, मोजून घे. आणि मग, “सूमी, वो गाना मेरे को नहीं आता. माँ का पूरा गाना. तुम बोलेगा?” मी बोलले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आजींच्या ओळीही आणि माझ्याही. ते पलीकडे ऐकत होते. मध्ये कुणी अडलं नाही.

सोमवारी मामांनी बँकेतून येऊन सांगितलं, सगळे आले, एक दिरहमही कमी नाही. साताऱ्याला माझ्या भावाने पाटल्या सोडवल्या आणि आईने त्या फोनवरच मला वाजवून दाखवल्या. मामी म्हणाल्या, “फिटलं गं बाई सगळं,” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, पहिल्यांदाच. खरंच सगळं फिटलं होतं. पुढच्या शुक्रवारी दुपारी मी सवयीने मामांचा मोबाइल चार्जिंगला लावला, आणि काढून ठेवला.